मेसॉनचं गणित आणि आप्पांची सोबत

टाळेबंदीत वसतिगृह रिकामं करायला लावलं, तेव्हा कागदांचा गठ्ठा घेऊन मी कुंभारवाड्याला घरी आले. पीएच.डी. अर्ध्यावर होती. बी मेसॉन नावाचा जड कण निर्माण होताच फुटतो, बहुतेकदा ठरावीक प्रकारांनी. फार क्वचित तो वेगळ्याच प्रकारे फुटतो. हे किती क्वचित व्हावं, ते आजच्या सिद्धांतावरून काढायचं, हे माझं काम. प्रयोगात वेगळा आकडा दिसला, तर निसर्गात आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी आहे असं समजायचं.

घरात फोनला रेंज नव्हती. वाडीमागच्या टेकडीवर मिळायची, पण वाट अस्वलांची. म्हणून वडील, माझे आप्पा, शेतातलं काम आटोपून कोयता घेऊन सोबत यायचे. मी दगडावर बसून हातानं मांडलेलं गणित माझ्या मार्गदर्शक सरांशी फोनवर ताडून पाहायचे. आप्पा जरा लांब बांबू तासत बसायचे. आता तेवढं गणित संगणक चहा निवायच्या आत करतो. तरी मला ते तासल्याचे आवाज आठवतात.

मध्येच माझं आणि सरांचं उत्तर जुळेना. माझं मोठं येई. चूक तुझ्याकडेच असणार, असं सर म्हणाले. मी पुन्हा पहिल्यापासून मांडायचे, पुन्हा तेच. जेवण जाईना. पोरीला कुणी बोललं का, असं आईनं आप्पांना विचारलंसुद्धा. शेवटी एका संध्याकाळी सरांनीच सांगितलं, गणितातल्या एका पदाचं, चार्म क्वार्क नावाच्या कणाच्या पदाचं, चिन्ह त्यांच्याकडून उलटं पडलं होतं. फोन ठेवून मी एकटीच हसत सुटले. टेकडी उतरताना आप्पा शीळ घालत होते. त्यांना शीळ येते हे मला तेव्हा कळलं.

पुढे पदवी मिळाली, परदेशात नोकरी लागली. सुरुवातीच्या प्रयोगांत आमच्या आकड्याशी तफावत दिसत होती, आणि काहीतरी नवं सापडणार म्हणून आम्ही सगळे हुरळून गेलो होतो. मग सुधारलेलं मोजमाप आलं आणि तफावत नाहीशी झाली. मी घरी फोन लावला. आमचा आकडा आणि प्रयोगातला आकडा जुळला, जे मिळेलसं वाटलं होतं ते मिळालं नाही, एवढंच सांगितलं.

आप्पा म्हणाले, "तू काढल्यालं आणि तिकडं दिसल्यालं सारखंच आलं म्हण की."

"व्हय, आप्पा."

"मग न्हाई मिळालं कसं म्हणतीस, बाय?"

त्यांना समजावून सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. ते आमच्याकडच्या उळवीच्या जत्रेतल्या गर्दीचं सांगू लागले, आणि मी बराच वेळ ऐकत राहिले.