ज्याले पदच नाही

राजापेठेतल्या माझ्या क्लासला स्पर्धा परीक्षेची मुलं येतात. त्या दिवशी 'डिपोज' हा इंग्रजी शब्द निघाला. मी फळ्यावर लिहिलं, पदावरून दूर करणे. मग रंगात येऊन सांगितलं, नोकराला डिसमिस करतात, राजाला डिपोज. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "अन् ज्याले पदच नाही, त्याले सर?" मुलं हसली. मी तिला उगाच झापलं, कारण ते उत्तर मलाच हवं होतं.

नांदगाव खंडेश्वरजवळच्या आमच्या गावी, बुद्धविहारात, पस्तीस वर्षं दर रविवारी सकाळी माझे बाबा वंदना सांगत होते. ते एक ओळ म्हणणार, बाकी सगळे मागून म्हणणार. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. गेल्या वर्षापासून पंचशीलात त्यांचं चुकू लागलं होतं. तिसरं शील झालं की पुन्हा दुसरं. लोकांना इतकी सवय की तेही मागून पुन्हा दुसरं शील म्हणत. शेवटी, क्लासमधल्या त्या प्रश्नाच्या आदल्या दिवशीच, विहार समितीच्या सचिवाचा फोन आला. आम्ही एका वर्गात होतो. "लेकरं हासून राह्यले बे. आमी कसं सांगावं बाबाले? तूच सांग."

मी शनिवारी गावी गेलो. जेवताना सांगायचं ठरवलं होतं, आणि भाजीत मीठ कमी आहे एवढंच बोललो. काय म्हणायचं? थांबा? आराम करा? दिवसभर शब्दांचे अर्थ सांगून पोट भरणारा मी, ताटातली भाजी संपवून उठलो.

रविवारी विहारात शेवटच्या रांगेत बसलो. तिसरं शील झालं आणि बाबा थांबले. या वेळी त्यांना दुसरंही आठवेना. दोन पोरं एकमेकांना ढोसू लागली. मला ते सहन झालं नाही. माझ्या तोंडून चौथं शील निघून गेलं आणि सगळ्यांनी ते माझ्या मागून म्हटलं.

बाबांनी वळून पाहिलं. ते दुखावले होते की मोकळे झाले होते, मला अजून कळलेलं नाही. "ये. तूच सांग आता," ते म्हणाले आणि उठून मागे लोकांत जाऊन बसले.

मी त्यांना सांभाळून घेतलं की काढलं? नंतर बाहेर सचिवानं खूश होऊन माझा हात दाबला, तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. कारण पाचवं शील मी सांगितलं, तेव्हा मागून एक आवाज सगळ्यांच्या वर येत होता. बाबा म्हणत होते, एकही अक्षर न चुकता.