आत्याचं नाक आणि जमादारांची फटफटी

माझ्या आत्याच्या नाकाला घाबरत नाही असा पिणारा यवतमाळ जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे. ती बाबांची मोठी बहीण, आमच्याच गावात चार घरं सोडून राहते. मी कॉलेजात होते तेव्हा आमच्या घरात एकही तांब्या सरळ उरला नव्हता. बाबा प्यायले की भांडी उडत, आणि आई मला पुस्तकांसकट आत्याकडे पिटाळी. माझं निम्मं कॉलेज आत्याच्या ओसरीवर झालं. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. हे सांगायची संधी मी कुठंच सोडत नाही.

लोक भेटल्यावर राम राम करतात, आत्या वास घेते. लग्नात नवरदेवाला ओवाळण्याआधी ती बँडवाल्यांची तपासणी करते. एकदा तिला समोर बघून सनईवाल्यानं श्वासच रोखून धरला, त्यामुळं सनई वाजेना आणि तो आपोआप सापडला. शाळेचे एक मास्तर सदा विलायची चघळत. त्यांना ती भर चौकात अदबीनं म्हणाली, "मास्तर, आजच्या विलायचीले मोहाचा वास जरा कमी हाय."

आमच्या गावच्या पोलीस बीटला नवे जमादार आले आणि गावाची दारूबंदी समिती करायची म्हणून त्यांनी पंचायतीत सभा बोलावली. भाषण रंगात आलं असताना आत्या उठली, त्यांचा हात धरून हुंगला आणि बोलणारा स्वतःच पिऊन आल्याचं जाहीर केलं. निघालं सॅनिटायझर. दुसरा कोणी चिडला असता. जमादारांनी मात्र सभा संपल्यावर तिला बाजूला घेऊन कबुली दिली, "बाई, करोना झाला तवापासून मले कशाचाच वास येत नाही. काल तर भट्टीवाल्यालेच भट्टीचा पत्ता विचारून राह्यलो होतो."

त्या दिवसापासून कायद्याला नाक मिळालं. जमादार फटफटी चालवायचे, मागं आत्या पदर खोचून, मान वर करून बसायची. उजवा खांदा थोपटला की उजवीकडं, डावा थोपटला की डावीकडं. मागून समितीच्या बाया पायी. जमादारानं नवं कुत्रं पाळलं, असं लोक म्हणत. आत्याला त्यात शिवी दिसली नाही. कुत्रं इमानदार असते, एवढंच ती म्हणाली.

एका दुपारी फटफटी आमच्या गोठ्यासमोर थांबली. बैलांच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगाखाली बाबांनी दारूसाठी आंबत घातलेल्या मोहाच्या सडव्याचं पिंप पुरलं होतं, म्हणजे आता पिण्यावर न थांबता ते गाळणारही होते. आई दारात, मी तिच्या मागं. जमादार त्याच ढिगाला टेकून निवांत घाम पुसत होते, त्यांना काय कळणार. सगळं आत्याच्या जिभेवर होतं. बाबा तिच्या कानाशी लागले, "बाई, तुले सर्दी झाली म्हन. एवढ्या खेपेले."

आत्या बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "साहेब, कुटार हटवा. माहा भाऊ हाय. पन हटवा."

बाबांनी तिला जे ऐकवलं ते लिहिण्याइतकी मी शिकलेली नाही. गुन्हा लागला. पण जबाबावर अंगठा द्यायच्या आधी आत्यानं जमादारांकडून कबूल करून घेतलं, की जामीन झाला की भावाला व्यसनमुक्ती केंद्रात तुम्हीच नेऊन सोडायचं. जमादारांनी शब्द पाळला. बाबा पळून आले, त्यांनी परत नेलं. दुसऱ्यांदा पळून आले, तेव्हा जमादार त्यांच्यासोबत तिथं दोन दिवस मुक्कामाला राहिले.

बाबा अजून आत्याशी बोलत नाहीत. भाऊबीजेला ती ताट लावून बसते, आणि संध्याकाळी ते ताट मी खाते. पण पेरणी झाली की तिच्या वावरात तण काढायचा डवरा बाबाच हाकतात, कोणी न सांगता, आणि ती बांधावर येण्याआधी बैल सोडून निघून येतात.

बाबांनी दारू सोडली, त्याला तीन वर्षं झाली.