पारसशेठची सपाट गाडी

“काटा मध्ये येऊ द्या, मंग बोला.”

तीर्थपुरीच्या बाजारात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. बियाण्याच्या दुकानात तराजू धरून उभे असले की पारसशेठ ते म्हणत. पुढे तराजू गेला, आकडे दाखवणारी मशीन आली, तिला काटाच नव्हता, तरी शेठ म्हणतच राहिले. मुस्कान सून होऊन घरात आली तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, “पप्पाजी, चहा किती गोड करू?” शेठ म्हणाले, “काटा मध्ये येऊ द्या.” ती बिचारी स्वयंपाकघरात वजनकाटा शोधत बसली.

राजकुमारीबाई, म्हणजे शेठची बायको, हे सगळं शांतपणे बघत आल्या होत्या. त्यांचं घराणं राजस्थानातून कधीकाळी इकडं आलेलं, घरात बोलणं मारवाडी. पण नवरा-बायकोचं भांडण मात्र मराठीत व्हायचं. टोमणा मारायला ही भाषा बरी पडते, असं दोघांचंही मत होतं, आणि दोघांचं एकमत असलेली तेवढी एकच गोष्ट होती.

लग्न झालं त्या वर्षी शेठ बायकोला म्हणाले होते, एकदा तुला सगळा देश दाखवीन. पण खरिपाची पेरणी आली, मागोमाग फवारणीचे दिवस आले, मग रब्बी. उन्हाळ्यात माल भरायचा. देश जिथल्या तिथं राहिला. अखेर मुलगा हर्ष यानं दुकान हातात घेतलं आणि शेठ मोकळे झाले. मोकळे झाले म्हणजे गल्ल्यावरून उठले आणि गल्ल्याशेजारच्या खुर्चीत बसले.

“खुर्ची हलली, माणूस न्हाई हलला,” राजकुमारीबाई म्हणाल्या.

हे शेठला लागलं. त्यांनी एक जुनी लांब ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि जालन्याच्या एका कारागिराकडून तिच्या पोटात घर करून घेतलं. पलंग, ओटा, बेसिन, शेगडी, पंखा, फुलाफुलांचे पडदे. शेठ रोज तिथं जाऊन उभे राहायचे. ओट्यावर तर त्यांचा खास डोळा. “पाणी थांबता कामा न्हाई बरं का. बेसिनकडं उतार दे, घरच्या ओट्याला हाये तसा.” कारागिरानं उतार दिला.

गाडी गावात आली तेव्हा लोक म्हणाले, चाकावरचा बंगला आला. शेठ प्रत्येकाला थांबवून सांगत, “मोटारहोम म्हणतात याला.” राजकुमारीबाईंनी आत जाऊन पडद्याला हात लावून बघितला आणि कुणाला दिसू न देता हसल्या. त्यांना जायचं होतं. फार जायचं होतं. फक्त दुकानदाराबरोबर नाही, नवऱ्याबरोबर जायचं होतं.

पहिला मुक्काम सरावाचा म्हणून गोदावरीकाठच्या एका मळ्यात केला. जमीन बघायला सपाट होती, पण गाडी उभी राहिली तशी एका अंगाला कलली. डाळीचं पातेलं शेगडीवर ठेवलं तर डाळ एका कडेला जमा झाली आणि दुसऱ्या कडेला पातेलं करपलं. दार आपलं आपण उघडायचं. झोपल्यावर राजकुमारीबाई घसरून शेठवर आल्या आणि शेठ भिंतीवर.

पण खरा घोटाळा तो नव्हता. दोघांचं जुनं व्रत आहे, सूर्य बुडाला की जेवण नाही, पाणीसुद्धा नाही. गाडी वाकडी आहे म्हटल्यावर शेठनं गवंड्याकडून आणलेली पाणसळ ओट्यावर ठेवली आणि खाली उतरले. काचेच्या नळीतला बुडबुडा मधल्या दोन रेघांत यायला पाहिजे. गाडी पुढं घेतली, मागं घेतली, चाकाखाली दगड लावला, काढला. बुडबुडा मध्ये आला तेव्हा सूर्य गेला होता. दोघं उपाशी झोपले. दुसऱ्या मुक्कामालाही अगदी तसंच.

त्यानंतर राजकुमारीबाईंनी सांगून टाकलं. “आता एकदाच बघीन. दिवस बुडायच्या आत या गाडीत तुमच्यासंगं बसून जेवले, तर म्हणाल तिकडं येते. न्हाई जेवले, तर गाडी विकायची अन् मी कनिकाकडं नाशिकला जाते, रेल्वेनं. रूळ तरी सपाट असतात.”

कनिका म्हणजे त्यांची लेक. तिच्याकडं जायची धमकी ही शेवटची असते, हे शेठला माहीत होतं.

मग रॅम्पचा शोध सुरू झाला. ज्या बाजूला गाडी खाली बसते, त्या बाजूच्या चाकांपुढं उताराचा ठोकळा ठेवायचा आणि गाडी हळूच वर चढवायची, एवढीच युक्ती. शेठनं पहिल्यांदा बाभळीचे ओंडके तासून घेतले. चाक चढायला लागलं आणि ओंडका मागं असा सुटला की समोरच्या किराणा दुकानाचं शटर वाजलं. मग अंकुशनगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची कामं करणारा कल्याण वेल्डर गाठला. त्यानं लोखंडाचे रॅम्प केले, चांगले दणकट केले. इतके की उचलायला दोन माणसं लागायची.

“हे ठेवायला आता दुसरी गाडी घ्या,” राजकुमारीबाई म्हणाल्या.

शेवटी हर्षनं फोनवरून पिवळ्या प्लास्टिकचे मागवले. हलके, पायऱ्यांचे. पण ते निघाले अरुंद; गाडीला मागं जोडचाकं, त्यातलं एक चढायचं आणि दुसरं हवेत राहायचं. ते परत करून रुंद मागवले. एवढ्या उठाठेवीत शेठला सगळं पाठ झालं. रॅम्प चाकापेक्षा अरुंद नको, गाडीचं वजन सोसणारा पाहिजे, वरची पायरी पूर्ण चाक मावेल एवढी सपाट पाहिजे, आणि चाक घसरू नये म्हणून मागं लावायची पाचर संगं पाहिजे. त्या दिवसांत लोक हरभऱ्याचं बियाणं घ्यायला येत आणि टायरची रुंदी ऐकून जात. दुकानापुढच्या सिमेंटच्या पट्ट्यावर शेठनं इतका सराव केला की गाडी चढवून, ब्रेक ओढून, पाचर लावून ते चहा निवायच्या आत खुर्चीत परत.

“बराबर! आता बोला,” ते म्हणत.

राजकुमारीबाई बोलत नसत. सिमेंट दुकानापुढं असतं, देशभर नसतं, हे त्यांना कळत होतं.

परीक्षेची जागा ठरली अंतरवाली सराटीत, कारभारींच्या शेतात. कारभारी म्हणजे शेठचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आणि त्याहून जुने दोस्त. सोयाबीन निघालेलं रान होतं, शेजारी कापूस फुटलेला. ऊन अजून चांगलं होतं तेव्हा गाडी बांधाजवळ येऊन थांबली. कारभारींची बायको उषाबाई कडेला उभी राहिली, कारभारी गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

“शेठ, गाडी लावून राह्यले का नवरदेव उतरवून राह्यले? इतकं काय बघायचं जमिनीकडं?”

“तुम्ही गप बसा. काटा मध्ये येऊ द्या, मंग बोला.”

राजकुमारीबाईंनी शेगडी पेटवून मुगाची डाळ चढवली आणि एक हात पातेल्याच्या कानाला धरून ठेवला. खिडकीतून सूर्य दिसत होता. शेठनं ओट्यावर पाणसळ ठेवून माप घेतलं, डावी बाजू बसकी निघाली, खाली उतरून डाव्या चाकांपुढं पिवळे रॅम्प मांडले आणि गाडी चढवायला घेतली. गाडी चढलीच नाही. रॅम्पच खाली गेले. वरून भेगाळलेली कडक काळी जमीन, आत अजून ओल. शिऱ्यात चमचा रुतावा तसे रुतले.

“मी काय म्हणतो,” कारभारी म्हणाले, “ही बाजू वर चढवण्यापेक्षा ती बाजू खाली उतरवा ना. खड्डा खांदू. जल्दी होईल.”

शेठनाही ते पटलं, हे नवल. उजव्या चाकांखाली खड्डे खांदले. गाडी त्यात उतरली आणि अशी बसली की हलेना. कारभारींनी ट्रॅक्टर आणून ती ओढून काढली. आत डाळीनं एकदा पुढं धाव घेतली, एकदा मागं. राजकुमारीबाईंनी पातेलं सोडलं नाही.

“कारभारीभाऊ, तुम्हीबी त्यांच्याच दुकानातून अक्कल आणली का?” त्या खिडकीतून म्हणाल्या.

उषाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. “भाभी, या दोघांना संगं कुठं पाठवू नका. रस्ता सापडला तरी खांदून ठेवतील.”

गोठ्यामागं जुन्या दाराच्या फळ्या पडल्या होत्या. उषाबाईंनी त्या दाखवल्या, कारभारींनी ओढून आणल्या. फळ्यांवर रॅम्प ठेवले, रॅम्पवर चाकं. या वेळी गाडी चढली. शेठ खाली उतरले, पाचरी लावल्या, आत आले, ओट्यावर पाणसळ ठेवली, परत गाडी एक बोटभर मागं घेतली, परत आत आले. सूर्य कापसाच्या शेंड्यांना टेकायला आला होता.

“बराबर! बिलकुल मध्ये! वाढा आता.”

बाहेरून कारभारी ओरडले, “शेठ, मला तर अजून वाकडी दिसून राह्यली.”

“पाणसळ खोटं बोलती का?”

“तिचं मला म्हाईत न्हाई. पण माझं डोकं सरळ अन् तुमचा बंगला तिरपा.”

शेठ परत पाणसळीवर वाकले. राजकुमारीबाईंनी फुलक्याचा डबा खाली ठेवला. त्यांना हे दुसऱ्या मुक्कामापासूनच माहीत होतं. त्या बोलल्या नव्हत्या. हा माणूस आपणहून कधीतरी ती नळी खाली ठेवील आणि आपल्याकडं बघील, याची त्या वाट बघत होत्या. पण खिडकीतला सूर्य वाट बघणारा नव्हता.

त्यांनी वाटीभर पाणी ओट्यावर ओतलं. पाणी तिथंच पसरून उभं राहिलं. बेसिनकडं एक थेंब गेला नाही.

“हे काय?” शेठ म्हणाले.

“तुमचा उतार. ओट्याला बेसिनकडं उतार पाहिजे म्हणून कुणी सांगितल्तं? रोज उभे राहून करून घेतला. अन् पाणसळ ठेवता त्याच ओट्यावर. ओटा सपाट झाला की गाडी वाकडी होणारच ना. ओटा सपाट, पलंग तिरपा, अन् मी तुमच्या अंगावर.”

शेठ ओट्याकडं बघत राहिले. मग पाण्याकडं. बाहेर कारभारी काहीतरी बोलणार होते, उषाबाईंनी त्यांना कोपर मारलं.

“म्हंजे पाणसळ खाली, गाडीच्या तळावर ठेवायला पाहिजे होती,” शेठ हळूच म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. आता त्यांना सगळं कळलं होतं. डावी चाकं एक पायरी खाली उतरवायची, बस. दोन मिनिटांचं काम. आयुष्यात पहिल्यांदा ही गाडी खरोखर सपाट उभी राहणार होती. त्यांनी पाणसळ उचलली आणि दाराकडं वळले.

राजकुमारीबाईंनी ताटं मांडली. सूर्याची खालची कड कापसात गेली होती. शेठची दोन मिनिटं केवढी असतात, ते त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

शेठ दारातल्या पायरीवर उभे राहिले. पिवळा रॅम्प त्यांच्या पायाशी होता. एका बाजूला तो रॅम्प, दुसऱ्या बाजूला दोन ताटं. गल्ल्यावर बसलेल्या शेठना असा हिशेब कधी पडला नव्हता. त्यांनी सूर्याकडं बघितलं, एकदा रॅम्पकडं बघितलं. मग हात लांब करून ती पाणसळ कारभारींच्या हातात दिली.

“धरा. अन् तिकडं न्या. मला दिसू देऊ नका.”

आत येऊन ते पलंगाच्या खालच्या अंगाला बसले, म्हणजे घसरली तर डाळ आपल्या ताटात यावी. राजकुमारीबाईंनी वाढलं. डाळ वाटीत एका कडेला गेली, फुलका ताटात सरकला, लिंबाची फोड घरंगळत शेठच्या गुडघ्यापर्यंत आली. दोघं भराभर जेवले, चोरून जेवणाऱ्या पोरांसारखे, मध्येच हसत. शेठनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला तेव्हा कापसावर लाल रेघेएवढा सूर्य उरला होता. राजकुमारीबाईंनी आपला घोट घेतला, तांब्या खाली ठेवला, आणि तीही रेघ गेली.

राजकुमारीबाईंनी ताटं एकात एक ठेवली.

“कधी निघायचं?” राजकुमारीबाईंनी विचारलं.

“कुठं?”

“म्हणाल तिकडं. बोलले होते ना मी.”

शेठनी मिशीवरून हात फिरवला. “उद्या सकाळी. इथूनच. तीर्थपुरीला परत गेलो तर हर्ष काहीतरी विचारील, मंग मी खुर्चीत बसंन, मंग गेलं सगळं.”

“अन् कपडे?”

“मुस्कानला सांगतो, हर्षसंगं पाठव म्हणून. दुकानबी त्यालाच सांगतो, आता तूच बघ. फोनची रेंज चावडीकडं येती म्हणतात.”

ते उठले. चपला घालताना एका अंगाला झुकले, दाराला धरून सरळ झाले, आणि पायरी उतरून वावरातून चालू लागले. रॅम्पला वळसा घातला, फळ्या ओलांडल्या, पण खाली वाकले नाहीत. हात पाठीमागं बांधलेले, पावलं सावकाश. बाजारात कधी कुणी शेठला असं चालताना बघितलं नव्हतं. काळ्या रानातून पांढरा सदरा बांधाकडं गेला, बांध चढला, आणि गावाच्या वाटेला लागला.

दारात राजकुमारीबाई उभ्या होत्या, तिरप्या चौकटीला टेकून. गोठ्याजवळ उषाबाई आणि कारभारी. तिघंही तो सदरा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.