तिसऱ्या स्तंभात शिरलेलं वारं

सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं, की तात्या आधी मातीच्या स्तंभांना विचारायचे, "काय पावणं, जेवलासा का?" दिवे त्यानंतर लागत.

तात्या आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे परिचर. गडमुडशिंगीहून सायकलनं येत. मी तिथं पीएच.डी. करत होते. मातीनं भरलेले तीन हवाबंद काचेचे स्तंभ. वरून युरेनियम मिसळलेलं पाणी सोडायचं आणि खाली काय उतरतं ते मोजायचं. हवा नसली, की मातीतले काही जंतू विरघळलेल्या युरेनियमचं रूप असं पालटतात, की ते पाण्याबरोबर वाहत नाही. मातीतच बसून राहतं. हे सांगितल्यावर तात्या म्हणाले, "म्हंजे राखणदारच की वो!" तेव्हापासून जंतूंचा खाऊ वेळेवर घालायचं काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं.

सहा महिने छान गेले. मग तिसऱ्या स्तंभातून युरेनियम खाली उतरू लागलं. प्रबंध द्यायला महिना उरलेला. तिसरा वगळायचा, असं मी ठरवलं आणि वहीत 'स्तंभ बिघडला' असं लिहायला घेतलं.

तात्या फडकं हातात धरून शेजारी उभे होते. "ताई, त्यो बिघडला न्हाय. शनवारी खाऊ घातल्यावर माझ्याकडनं त्याची रबरी नळी नीट बसली न्हाय. सोमवारी बघतोय तर निसटलेली. गपचिप लावली. वारं गेलं असंल आत."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी भडकले.

"भ्यालो की. रिटायर व्हायला दोन म्हैनं ऱ्हायल्यात, आता बट्टा कशाला म्हटलं. पर तुमी खोटं लिवाय लागलासा, मग ऱ्हाववंना."

राग ओसरल्यावर डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या स्तंभात मी मुद्दाम हवा सोडली. काही दिवसांत तिथूनही युरेनियम निघालं! हवा लागली, की जंतूंनी बसवलेलं पुन्हा विरघळून चालू लागतं. प्रबंध लांबला, पण त्यातलं सगळ्यात चांगलं प्रकरण मिळालं. 'अपघाताने हवा शिरली' एवढंच मी लिहिलं. तात्यांचं नाव घातलं नाही.

निरोपसमारंभात विभागप्रमुखांनी तात्यांना बोलायला लावलं. ते उठले. "ताईंच्या परबंधात अपघात लिवलाय, त्यो अपघात मीच हाय. त्यांनी झाकलं. झाकायचं कशाला? सांगितलं म्हणून तर कळलं की!"

मग सगळ्यात आधी हसले ते विभागप्रमुख. तात्या खाली बसून निवांत भडंग खाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी मी ऋणनिर्देशात एक ओळ वाढवली: 'नळी निसटल्याचं सांगितल्याबद्दल तात्यांचे आभार.'