डाव्या हाताचा बोल्ट

इंग्लंडातल्या स्लाऊचा हा बंदूकवाला मूळचा मुंबईचा ज्यू. मराठी फर्डं, आणि गिऱ्हाईकापेक्षा त्याच्या हातांकडेच जास्त बघतो.

सत्तरीत बायको गेली, घर खायला उठलं, म्हणून मी रायफल क्लब धरला. चार वर्षं नेम हुकतोय. यंदा ठरवलं, रायफल मापाची बांधून घ्यायची. आधी ॲक्शन निवडायची, म्हणजे गोळी आत ढकलणारा बोल्ट सरकतो तो भाग. बाकी सगळं त्यावर बसतं.

त्यानं पाच ॲक्शन मांडल्या. मी एकेकीचा बोल्ट ओढून पाहिला.

"ही द्या. लोण्यासारखी चालते."

"थांबा हो," म्हणत त्यानं तेलाचं फडकं माझ्याकडे फेकलं. मी झेललं.

"डावरे आहात?"

"लहानपणी होतो. डाव्या हातानं घास घेतला की आई उलथनं हाणायची. सुटली सवय."

"कप्पाळ सुटली! फडकं कुठल्या हातात आहे बघा."

पाचही ॲक्शन उचलून त्यानं कपाटातून सहावी काढली. तिचा बोल्ट डावीकडे होता.

"ओढा. इथे उलथनं नाही."

मी ओढला. हात न बघता गेला, न बघता परत आला.

"हीच! आजच बांधायला घ्या!" मी ओरडलोच.

"अहो, सत्तर वर्षं थांबलात," तो म्हणाला, "महिनाभर आणखी थांबा."