दोन डोळ्यांचा कॅमेरा आणि तुळजाबाईंची चिकटवही

आमच्या थोरल्या जाऊबाई, तुळजाबाई, म्हणजे महाडजवळच्या नाते गावच्या सुईण. आसपासच्या वाड्यांतली निम्मी पोरं त्यांच्या हातून जगात आली, आणि त्यातलं एकही विसरायचं नाही हा त्यांचा हट्ट. म्हणून ती चिकटवही. जाड कागद शिवून केलेली, खळीने फोटो डकवलेले, खाली माझ्या अक्षरात नाव आणि तिथी; कारण जाऊबाईंना लिहिता येत नव्हतं आणि मला सातवी झाल्याचा भलता तोरा होता.

फोटो काढायला एक डबा कॅमेरा होता. महाडचा मुनाफ जहाजावर खलाशी. त्याचा मुलगा मुश्ताक जाऊबाईंच्या हातून सुखरूप झाला म्हणून त्याने तो आणून दिलेला. चार पावलांच्या आतलं त्या डब्याला धड दिसत नसे, आणि चार पावलांवरून तान्हं म्हणजे काय, दुपट्यात एक ठिपका. वहीतली सगळी पोरं एकाच आईची वाटायची. आया मात्र आपापला ठिपका ओळखून खूश. मी हसले की जाऊबाई मला भांडी घासायला धाडत.

१९५८ साली त्या ठिपक्याने घोटाळा केला. मुनाफ दोन वर्षांनी घरी आला, तो मुश्ताकचा फोटो खिशात घेऊन. महाडच्या एसटी स्टँडवर उतरला, समोर दिसलेलं पहिलं गोंडस पोर उचललं, त्याचे मुके घेतले, त्याला खजूर भरवला. पोर निघालं भजीवाल्याचं. मुश्ताक आईच्या बुरख्याआडून सगळं बघत होता. बाजारपेठ आठवडाभर हसत होती. जाऊबाईंना मात्र ते फार लागलं. चूक आपल्या फोटोची, असं म्हणून त्या दोन दिवस नीट जेवल्या नाहीत.

सुटी संपत आली तेव्हा मुनाफच्या बायकोला, नूरजहाँला, पाचवा महिना होता. मुनाफ मुंबईला जाऊन एका सोबत्याचे दोन कॅमेरे घेऊन आला आणि आम्हाला महाडला बोलावलं. ओटीवर दोन्ही मांडले. एक ठेवा, दुसरा परत जाईल, म्हणाला.

"माज्या पोराचा तोंड मला वळकता आला पायजे, तुळजाबाय. येवढाच."

एक कॅमेरा भात्याचा. मिटला की खिशात जाणारा, उघडला की पेटीसारखा फुलणारा. दुसरा चौकोनी, पुढे एकाखाली एक असे दोन डोळे, आणि वरून वाकून आत बघायचं. ओटीवर जमलेल्या शेजाऱ्यांनी एकमुखाने भात्याचा पसंत केला. जाऊबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. त्यांनी शेजारचं एक तान्हं मागवलं.

भात्याचा कॅमेरा डोळ्याला लावताच तान्ह्याने टाहो फोडला. माणसाच्या तोंडाच्या जागी काळा डबा दिसला तर ते बिचारं काय करणार. मग दुसरा. जाऊबाई वरून वाकून बघत होत्या, मान वर करून पोराशी बोलत होत्या, आणि पोर त्यांच्या तोंडाकडे बघून खुदकन हसलं. आता त्या काचेत डावं ते उजवं दिसायचं. पोर डावीकडे सरकलं म्हणून जाऊबाई भलतीकडेच सरकल्या आणि ओटीवरून खाली जाता जाता मुनाफने त्यांना धरलं. तरी निकाल लागला होता.

"ह्योच. ह्याच्यात मला पोराशी बोलता येतंय."

आता पुढचा गाढवपणा आमच्या घरचा. गावात कुजबुज सुरू झाली की एका डोळ्याचा डबा बरा होता, हे यंत्र दोन-दोन डोळ्यांनी बघतं, पोरांना दृष्ट लागेल. जाऊबाईंनी विचार केला: आपण बघतो वरच्या डोळ्यातून, म्हणजे खालचा बिनकामाचा. त्यालाच तीट लावून टाकावी. काजळाची डबी माझी. रोज सकाळी कालची तीट पदराने काचभर पुसून चकचकीत करायचं, मग ताजी लावायची.

नूरजहाँला मुलगी झाली, महरुन्निसा. चाळीस दिवसांनी तिला अंगणात आणून जाऊबाईंनी पहिला रोल संपवला. महाडच्या गोमाजी फोटोवाल्याने तो धुतला आणि बाराच्या बारा फोटोंत नुसतं धुकं. कोवळ्या उन्हात काढलेली पोरगी वरंधच्या घाटात पावसाळ्यात हरवल्यासारखी. जाऊबाईंना रडू कोसळलं. नवा रोल मुंबईहून यायला तीन महिने लागणार होते, आणि तिकडून मुनाफची पत्रांवर पत्रं.

दुसऱ्या रोलच्या वेळी महरुन्निसा पाच महिन्यांची, हाती येईल ते ओढणारी. जाऊबाई तिला हसवायला वाकल्या, गळ्यातला कॅमेरा पुढे लोंबला, आणि पोरीने खालचा डोळा मुठीत धरून चांगला चोळला. मूठ काळीकुट्ट. ती तिने आपल्याच गालाला फासली. जाऊबाई त्या मुठीकडे बघत राहिल्या, मग कॅमेऱ्याकडे, मग माझ्याकडे. फोटो खालच्या डोळ्याने निघतो हे आम्हा दोघींना एकाच क्षणी कळलं. आम्ही इतक्या हसलो की नूरजहाँ घाबरली. काच पुसली आणि फोटो काढला: कोळसेवालीसारखी पोरगी, पण भुवईचा केसन् केस दिसत होता.

मुनाफचं उत्तर आलं. नाक आपल्या बापाचं आहे, जहाजावर सगळ्यांना दाखवलं, काजळ जरा कमी घालावं.

मग दर रोलमधला एक फोटो त्याला जात राहिला, आणि दीड वर्षाने मुनाफ आला. आम्ही सगळ्या स्टँडवर गेलो होतो; तिथे दहा-बारा पोरं खेळत होती. मुनाफने एकदाच नजर फिरवली आणि सरळ महरुन्निसापाशी जाऊन तिला उचललं. जाऊबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मीही रडले, लपवत नाही. तेवढ्यात पोरगी किंचाळली. अनोळखी माणसाच्या हातातून सुटायला तिने त्याला ओरबाडलं आणि आईकडे झेपावली. मुनाफ रिकाम्या हातांनी तसाच उभा राहिला.

जाऊबाई पुढे झाल्या. "तुजं तोंड तिनं कुटं बगितलंय रे? हितं उनात उभा ऱ्हा."

तिथेच, एसटीच्या धुरळ्यात, त्यांनी मुनाफचा फोटो काढला. बाप्याचा असा तो पहिलाच. एक प्रत वहीत गेली. दुसरी नूरजहाँने भिंतीवर खळीने चिकटवली, पोरीचा हात पोचेल इतक्या खाली. मुनाफ पुन्हा जहाजावर गेला आणि महरुन्निसा रोज सकाळी त्या फोटोला चहात बुडवलेला पाव भरवू लागली. महिन्याभरात मुनाफच्या मिशा दिसेनाशा झाल्या आणि गोमाजीकडून तिसरी प्रत आणावी लागली.