आठ ओळींच्या पडद्यावरचा चंद्रोदय

माझ्या नवऱ्याकडे एक जुना नोटबुक संगणक आहे. जाडजूड वहीएवढा. त्याला झाकण नाही; वरच्या भागात करडा पडदा आणि खाली टाइपरायटरसारख्या कळा. पडद्यावर एका वेळी आठ ओळी मावतात. चार पेन्सिल सेलवर तो बरेच दिवस चालतो. परदेशी बातमीदार एके काळी असली यंत्रं दौऱ्यावर नेत आणि फोनच्या तारेवरून मजकूर धाडत, हे मी पुण्यात वृत्तपत्राच्या डेस्कवर काम करताना ऐकलं होतं. प्रत्यक्ष यंत्र पाहिलं ते क्राइस्टचर्चला, हॉर्नबीतल्या आमच्या स्वयंपाकघरात. नवऱ्यानं ते ऑनलाइन लिलावात घेतलं होतं. आधीचा मालक शेतकरी असावा. आत मेंढ्यांच्या वजनाचा एक प्रोग्राम निघाला.

नवरा जवळच्याच एका कारखान्यात शीतगृहांच्या नियंत्रणाचं सॉफ्टवेअर लिहितो. घरी आल्यावर तो या यंत्रासाठी लिहितो. ऑफिसात एक बटण हलवायचं तर चार बैठका होतात, इथं कुणाला विचारावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं. शहरात जाणारी पुढची बस सांगणारा एक प्रोग्राम त्यानं केला. दुसरा कुकरच्या शिट्ट्या मोजणारा होता. शिट्टी झाली की मोठी कळ दाबायची. ठरलेल्या शिट्ट्या झाल्या की यंत्र पीं करतं. मला त्याचा उपयोग वाटला नव्हता. सासूबाईंना वाटला.

सासूबाई गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे राहायला आल्या. पुण्यात त्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या आणि निवृत्त होईपर्यंत टायपिस्टच राहिल्या. इथं आल्यावर मुलानं त्यांना नवा फोन घेऊन दिला. त्यांची बोटं कोरडी आहेत. दोनतीनदा दाबल्याशिवाय पडद्याला कळत नाही. आठवडाभरानं त्यांनी फोन चार्जिंगला लावला तो तिथंच ठेवला. घरातल्या जुन्या बिनतारी फोनवर बोलत राहिल्या.

"काचेवर काय टाइप करायचं? बोट कुठं पडलं ते कळतच नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्यानं त्यांच्यापुढं जुना संगणक ठेवला. त्या खुर्चीत ताठ बसल्या, मनगटं उचलली आणि कळांकडं न बघता एक ओळ उमटवली. मग म्हणाल्या, "कळा हलक्या आहेत. सवय होईल."

तेव्हापासून तो संगणक ओट्याच्या कोपऱ्यात, मिक्सरशेजारी असतो. यंत्राला देवनागरी येत नाही, म्हणून प्रोग्रामची नावं आणि पडद्यावरचा मजकूर रोमन अक्षरांत असतो. सासूबाईंना त्याची अडचण नव्हती. त्यांनी आयुष्यभर इंग्रजी मसुदे टाइप केले होते.

त्या संकष्टी करतात. दुपारी वाटीभर साबुदाणा, मग चंद्रोदयापर्यंत काही नाही. पुण्याहून आणलेलं कॅलेंडर भिंतीवर होतं, पण त्यातला चंद्रोदय मुंबईचा. इथल्या मराठी मंडळातल्या काही जणी ती वेळ तशीच इथल्या घड्याळाला लावत. एकीनं भारताची वेळ इथल्या वेळेत बदलून बघितली होती. उपास दुसऱ्या दिवशी पहाटे सुटत होता. "नाश्ताच करायचा मग," असं ती हसत सांगायची.

सासूबाई मुलाला म्हणाल्या, "बसची वेळ सांगतोस, चंद्राची सांगता येईल का?"

त्याला दोन शनिवार-रविवार लागले. एका जुन्या छंदी मासिकातलं गणित त्यानं घेतलं. ते उत्तर गोलार्धासाठी लिहिलेलं होतं, ते दक्षिणेला वळवलं. उन्हाळ्यात इथं घड्याळ तासभर पुढं करतात, त्याचा हिशेब घातला. संकष्टीचा दिवस टाकायचा, पडद्यावर क्राइस्टचर्चचा चंद्रोदय येतो. एप्रिलमध्ये सासूबाईंनी मागच्या अंगणात उभं राहून ताडून पाहिलं. कुंपणापलीकडं शेजाऱ्यांचं छप्पर आहे, तेवढी मिनिटं सोडली तर वेळ बरोबर होती. मे आणि जूनमध्येही बरोबर आली.

"बरोबर आहे हो तुझं," त्या मुलाला म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं कौतुक पुष्कळ झालं.

ही गोष्ट मंडळात गेली. जुलैपासून संकष्टीच्या दिवशी दुपारी फोन येऊ लागले. एक बाई हॅल्सवेलहून करायच्या, एक रोलस्टनहून. फोनमधली ॲपं कधी ऑकलंडची वेळ दाखवतात, कधी मुंबईची. त्यापेक्षा काकूंना विचारलेलं बरं, असं त्या म्हणत. सासूबाई पडद्यावर बघून वेळ सांगत आणि ती परत म्हणवून घेत. कचेरीत फोनवरून आकडे देताना असंच करत असू, असं त्या मला म्हणाल्या. आमच्या डेस्कवरही तीच पद्धत होती.

ऑगस्टपासून चंद्र उशिरा उगवू लागला. भारतात वसंतात जसा तो रोज बराच मागं पडत जातो तसा इथं आपल्या भाद्रपद-आश्विनात पडतो. ऑगस्टच्या संकष्टीला चंद्रोदय नऊनंतर होता. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांनी त्याची गोळी नेहमीच्या वेळेला घेतली आणि मोदक उकडायला ठेवले. थोड्या वेळानं त्या ओट्याला धरून खाली बसल्या. कपाळ घामानं भिजलं होतं, हात थरथरत होते. मी साखरेचं पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत त्या नीट बोलू लागल्या आणि पहिलं बोलल्या ते हे की, पाण्यानं उपास मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना जीपीकडं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं, नेलं. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. गोळी घेतली की लगेच जेवायचं, आणि आठच्या सुमारास जेवायचं. पुन्हा असं झालं आणि घरात कुणी नसलं तर जिवावर बेतेल. मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होते. सासूबाई मान हलवत होत्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "त्या त्यांच्या जागी बरोबर आहेत."

यापुढं काय करणार ते त्या बोलल्या नाहीत. नवऱ्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

सप्टेंबरच्या संकष्टीआधी नवरा मला म्हणाला, "मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातलीय."

"कसली?"

"चंद्रोदय साडेआठच्या पुढं गेला तर साडेआठच दाखवायचा."

मी म्हटलं, "आकडा बदलू नकोस. आईंना सांग, भांड हवं तर."

"भांडून झालं. ऐकते का ती?"

"त्या आणखी लोकांना सांगतात ती वेळ."

"हे काय वर्तमानपत्र आहे का? दोन बायका तास-दीड तास आधी जेवतील. कुणाचं काय बिघडतं? इथं माझी आई ओट्याखाली बसली होती."

त्या दिवशी घाम मीही पुसला होता. मी सासूबाईंना काही सांगितलं नाही.

सप्टेंबरात आभाळ भरलेलं होतं. साडेआठला सासूबाईंनी नैवेद्य दाखवला, गोळी घेतली, जेवल्या. हॅल्सवेल आणि रोलस्टनही जेवलं. नवरा भांडी घासताना गुणगुणत होता.

ऑक्टोबरमध्ये घड्याळं तासानं पुढं गेली होती. संकष्टीच्या सकाळी दक्षिणेचा वारा येऊन गेला आणि संध्याकाळी आभाळ लख्ख झालं. सासूबाई ताम्हन आणि नैवेद्याचं ताट घेऊन अंगणात गेल्या. अजून पुरता अंधारही पडला नव्हता. छपराच्या वर, ईशान्येला, काही नव्हतं. शेजाऱ्यांच्या छपराची मिनिटं गेली. त्यानंतरची आणखी काही गेली. मी दारात उभी होते, नवरा माझ्या मागं.

आत फोन वाजला. मी तो बाहेर नेऊन दिला. रोलस्टनच्या बाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"काकू, तुमच्याकडं दिसला का? आम्ही गच्चीवर येऊन उभे आहोत. इकडं तर लांबपर्यंत मोकळं आहे, पण चंद्र काही नाही."

"तुला काय वेळ सांगितली होती मी?"

"साडेआठ. तुम्ही दोनदा म्हणवून घेतलीत की."

"थांब. मी तुला फोन करते."

फोन ठेवून त्या मुलाकडं वळल्या. "बिघडलंय का ते?"

तो म्हणाला, "नाही. मी बदललंय." मग सगळं सांगितलं. ऑगस्टचं, डॉक्टरांचं, त्या एका ओळीचं. त्याचा आवाज लहान झाला होता.

"खरी वेळ किती?"

"बाराच्या थोडी आधी."

"आणि मागच्या महिन्यात?"

"दहाच्या आत होती."

सासूबाईंनी ताट आणि ताम्हन माझ्या हातात दिलं. त्या आत आल्या, फोनपाशी बसल्या आणि आधी रोलस्टनला, मग हॅल्सवेलला फोन केला. दोघींना तेच वाक्य सांगितलं: "मी दिलेली वेळ चुकीची होती. आजची बाराच्या आधीची आहे, आणि मागच्या महिन्यातलीही चुकली होती." का चुकली ते सांगितलं नाही. हॅल्सवेलच्या बाई बहुधा असू दे असू दे म्हणत होत्या, कारण सासूबाई म्हणाल्या, "असू कसं दे? तू माझ्या शब्दावर जेवलीस."

डेस्कवर आम्ही दुरुस्ती छापायचो ती आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, जमेल तितक्या लहान टायपात.

त्या संकष्टीला त्या चंद्रोदयापर्यंत थांबल्या. गोळी घेतली नाही. मधूनमधून दूध घेतलं. मुलगा समोर बसून होता. त्याला उठ म्हणाल्या नाहीत आणि त्याच्याशी बोलल्याही नाहीत. ज्या उशिरापासून त्यांना वाचवायचं म्हणून त्यानं ती ओळ घातली होती, तोच उशीर झाला.

पुढं आठवडाभर संगणक बंद राहिला. शिट्ट्या त्या तोंडानं मोजत. एकदा वाटाणे सोलता सोलता मला म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग?"

"त्याला नको म्हटलं होतं."

"मला का नाही म्हणालीस?"

मी पुढची शेंग फोडली. त्यांनी वाटाण्याचं टोपलं माझ्याकडं सरकवलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या दिवशी मी फार घाबरवलं तुम्हाला."

रविवारी सकाळी त्यांनी मुलाला संगणक घेऊन टेबलाशी बोलावलं. "काढ ती ओळ."

"काढली. त्याच रात्री काढली."

"मग आता दुसरी घाल. चंद्रोदयाच्या खाली एक ओळ. जेवण. तिथला आकडा मी भरणार. दर महिन्याला, मीच."

"आणि तू काय भरणार?"

"ते तू आधीच विचारायला हवं होतंस."

"दोनदा विचारलं, आई."

"तिसऱ्यांदा विचारायचं. मी काही ठरवलं नव्हतं, म्हणून बोलत नव्हते. ठरवायला वेळ लागतो माणसाला." मग म्हणाल्या, "चंद्राचं तू बघ. त्यात लुडबुड करू नकोस. जेवायचं मी बघते."

त्यानं तिथंच बसून ओळ लिहिली. त्यांनी चष्मा लावून पडदा वाचला आणि 'जेवण' चंद्रोदयाच्या बरोबर खाली, एका रेषेत घ्यायला लावलं. दोन जागा डावीकडं. मग एक उजवीकडं. तो म्हणाला, "कचेरीत साहेब होता तुझा की तूच होतीस साहेब?" त्या हसल्या नाहीत, पण ताक विचारलं त्याला, घेणार का म्हणून.

नोव्हेंबरची संकष्टी आली. चंद्रोदय मध्यरात्रीनंतर होता. दुपारी दोन्ही बायकांचे फोन आले. सासूबाईंनी वेळ सांगितली आणि म्हणवून घेतली. संध्याकाळी त्यांनी जेवणाच्या ओळीत आठ टाकले. या दिवसांत इथं सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो. पानं वाढली तेव्हा जेवणाच्या टेबलावर ऊन होतं. त्यांनी नैवेद्य दाखवला, चंद्राच्या दिशेला हात जोडले, गोळी घेतली आणि जेवायला बसल्या. नवऱ्यानं दोन मोदक जास्त खाल्ले.

जेवण होत आलं तेव्हा ऑकलंडच्या अल्बनी उपनगरातून माझ्या नणंदेचा फोन आला. ती तिकडं राहते आणि जमेल तेव्हा संकष्टी करते. सासूबाईंनी हात पुसून फोन घेतला.

"आई, इकडं ढीगभर ढग आहेत. चंद्र काही दिसायचा नाही. तुझं यंत्र काय म्हणतंय?"

"इथं बारा वाजून गेल्यावर आहे. तुमच्याकडं थोडा आधी."

"बापरे. म्हणजे तू तोवर थांबणार?"

"मी आत्ता जेवले."

"चालतं का गं तसं?"

"चंद्र बारानंतर आहे आणि मी आठला जेवले," सासूबाई म्हणाल्या. "दोन्ही तुला सांगितलं. तुझं तू ठरव."